साठ

पाढे पाठ करणाऱ्या मुलाला साठ पहिल्यांदा भेटतो तो सहाच्या पाढ्याच्या तळाशी. 'सहा दाही साठ' म्हटलं की पाढा संपतो, त्यामुळे ही पहिली ओळखच सुटकेची. पुढे दहाच्या पाढ्यात तो मध्येच उभा असतो, दहा सक साठ. मग बारा पंचे साठ, पंधरा चोक साठ, वीस त्रिक साठ, तीस दुणे साठ. आमच्या घरी दिवेलागणीला परवचा असायचा. तिसापर्यंत पाढे म्हणता म्हणता हा गृहस्थ सहा वेळा भेटून जायचा. त्याचे दोन्ही सख्खे शेजारी, एकोणसाठ आणि एकसष्ट, त्या सगळ्या पाढ्यांत एकदाही यायचे नाहीत. त्या मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून तिसऱ्या कुणाचा त्यांच्या घरी राबता नाही. अशा दोन बंद दारांच्या मध्ये साठचं घर, आणि त्याचं दार सताड उघडं.

आजोबांच्या पिढीला तो आणखीही वाटांवर भेटत असे. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. अठ्ठेचाळिसाची सवाई साठ, चाळिसाची दीडपट साठ, चोविसाची अडीचपट साठ. हिशेबाला बसलेल्या आजोबांच्या तोंडून हे इतक्या सहज यायचं, की साठ हा आपल्या नात्यातलाच कुणी असावा असं मला लहानपणी खरोखर वाटे.

पण माझी त्याच्याशी खरी ओळख करून दिली ती आत्यानं. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. दिवाळीत ती करंज्या करायची त्या मोजून, साठ. आईनं एकदा विचारलं, "वन्सं, साठच का? पन्नास करून मोकळ्या व्हा की." आत्या सारण भरता भरता म्हणाली, "भाऊबीजेला किती जणांचे डबे भरायचे ते आज कुठं माहीत आहे? तीन घरं आली तर वीस-वीस जातील, चार आली तर पंधरा-पंधरा, पाच आली तर बारा-बारा. सहाही आली तरी दहा-दहा बसतात. पन्नास केल्या आणि तीनच घरं आली, तर उरलेल्या दोन कुणाच्या डब्यात घालू? ज्याला नाही मिळाली त्याच्या पोराच्या डोळ्यांत दिसतं गं ते."

त्या दुपारचं सगळं मला अजून दिसतं. पाटाच्या एका बाजूला ओल्या फडक्याखाली झाकलेल्या करंज्या, दहा-दहाच्या सहा ओळी, कातण्यानं कातरलेल्या कडा सगळ्या एकाच दिशेला. आत्या ओळी मोजत नव्हती. सहावी ओळ पुरी झाली की उंडा संपलेला असायचा, इतकं तिच्या हाताला ते माप बसलेलं होतं.

एक ते सहा यांपैकी कितीही जण आले तरी काही न उरता सारखी वाटणी व्हावी, अशी सगळ्यात लहान संख्या कोणती, हा प्रश्न आत्यानं कागद-पेन्सिलीशिवाय सोडवला होता. अठ्ठेचाळीस केल्या तर पाच घरांत तीन उरतात. एकशेवीस चालतात, एकशेऐंशीही चालतात, साठच्या सगळ्याच पटी चालतात. पण तेवढं सारण, तेवढं तेल, आणि लाटायला हात दोनच. म्हणून साठ. लघुतम सामाईक विभाज्य, अर्थात लसावि, या लांबलचक नावातला 'लघुतम' कशासाठी आहे, ते मला त्या पाटाशी बसून कळलं.

शाळेत लसावि भेटला तो वेगळ्याच वेशात. उभी रेघ मारायची, डावीकडे भाजक लिहायचे, उजवीकडच्या संख्या भागत खाली उतरायचं आणि शेवटी डावीकडचा रकाना गुणायचा. रीत बिनचूक आहे, आजही मी तीच वापरतो. पण आपण जे संध्याकाळी दिव्यापुढे घोकतो त्याचाच हा पुढचा भाग आहे, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. सहाच्या पाढ्यात जे जे येतं ते सहाचं विभाज्य. पाढा दहाशी थांबवणं ही आपली सोय. सहा काही थांबत नाही. सहासष्ट, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर करत तो आपल्या ढांगेनं चालतच राहतो. चार त्याच्या चारच्या ढांगेनं, पाच पाचच्या. ढांगा वेगवेगळ्या, म्हणून चालणाऱ्यांची सदा चुकामूक. तरी पुढे कुठेतरी एक दगड असा असतो की त्यावर सगळ्यांचं पाऊल पडतंच. तसे दगड अगणित आहेत. त्यांतला पहिला म्हणजे लसावि. हे चालणं मुलानं एकदा जमिनीवर खडूनं आखून पाहिलं, की मग उभी रेघ खुशाल मारावी.

आता साठची पिशवी उघडून पाहू. आत चारच जिनसा आहेत: दोन, दोन, तीन आणि पाच. बस्स. चार आला की तो दोन्ही दोन पुढे करतो. सहा आला की त्याला एक दोन आणि एक तीन लागतो. इथेच साठचा स्वभाव दिसतो. सहासाठी तो तिसरा दोन विकत आणत नाही. चारासाठी आणलेल्यांतलाच एक त्याच्या हातावर ठेवतो. दोन आणि तीन यांच्यासाठी तर काहीच वेगळं आणावं लागत नाही, त्यांची सोय चार आणि सहा यांच्यात झालेलीच असते. पाच तेवढा एकलकोंडा, त्याचं त्याला आणावं लागतं. दोन, तीन, चार, पाच, सहा यांचा सरसकट गुणाकार केला तर ७२० होतात, साठच्या बारापट. एकाच घरात राहणाऱ्यांनी प्रत्येकी वेगळी कढई घ्यावी तसा तो ७२०. जे सामाईक आहे ते एकदाच मोजायचं, ही साठची काटकसर आहे, आणि त्याचं आदरातिथ्य याच काटकसरीतून येतं.

ही गोष्ट नवव्या शतकात महावीराचार्यांनी नीट मांडली. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातले हे जैन गणिती; ज्या राजघराण्यानं वेरूळचं कैलास लेणं कोरवलं त्याच घराण्यातला हा राजा. 'गणितसारसंग्रह' या आपल्या ग्रंथात अपूर्णांकांची बेरीज सांगताना त्यांनी छेदांच्या लसाविला 'निरुद्ध' असं नाव दिलं. छेदांमधले सामाईक अवयव घ्यावे, त्यांनी भागून उरलेले भागाकार घ्यावे, आणि त्या सगळ्यांचा गुणाकार करावा, अशी त्यांची रीत. आत्याच्या पाटावर जे घडत होतं त्याला इतकं देखणं नाव हजार-अकराशे वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं. त्याचं काम पाहायचं तर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावं. तासाचा तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा आणि पाचवा हिस्सा मिळून किती? कागदावर १/३, १/४, १/५ लिहून मूल अडखळतं. घड्याळात ती वीस, पंधरा आणि बारा मिनिटं होतात, मिळून सत्तेचाळीस. परक्या छेदांची तिन्ही माणसं साठच्या ओसरीवर आली की एकाच भाषेत बोलू लागतात.

काळाच्या मोजमापात साठ असा मुरला आहे की आपल्या बोलण्यातून तो काढू म्हटलं तरी निघत नाही. 'घटकाभर टेक', 'पळभर थांब' असं आपण म्हणतो. दिवस आणि रात्र मिळून साठ घटका, एका घटकेची साठ पळं, एका पळाची साठ विपळं. आजच्या मापात घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचं. जुन्या लग्नांत मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवत. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची एक छोटी वाटी तरंगत सोडायची, तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाणी चढत जातं, वाटी जड होत जाते, काठ पाण्याला टेकतो आणि ती एकदम खाली बसते. ती बसली की घटका भरली. दिवसभरात साठ वेळा वाटी बुडावी असं तिचं भोक पाडलेलं असे. तांबटाच्या हाताखालून गेलेलं साठचं हे रूप मला फार आवडतं.

याच दिवसाचे आठ प्रहर. साठ घटकांची आठांत वाटणी केली तर प्रत्येक प्रहर साडेसात घटकांचा. आठाला तीन दोन लागतात आणि साठच्या पिशवीत दोनच आहेत, म्हणून हा अर्धा लोंबकळतो. तरी साठनं आठाला परत पाठवलं नाही, अर्ध्यावर भागवून घेतलं.

हाच साडेसात मी पुढे एका अगदी दूरच्या ठिकाणी पाहिला. आजच्या इराकमध्ये, जुन्या बाबिलोनमध्ये, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून साठच्या पायावर अंक लिहीत. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचं टोक दाबून विद्यार्थी कोष्टकं उतरवत. त्यांतलं एक कोष्टक साठच्या वाटणीचं: दोन तर तीस, तीन तर वीस, चार तर पंधरा, पाच तर बारा, सहा तर दहा. ही तर आत्याची भाऊबीज! पुढची ओळ आठाची, आणि तिथे सात, आणि साठातले तीस, थोडक्यात साडेसात, आपला प्रहर. मात्र सहानंतर एकदम आठ. मधली साताची ओळच नाही. साठला सातांनी भागत गेलं तर ती वाटणी कधी संपतच नाही, म्हणून त्या कोष्टकात साताला जागा मिळाली नाही.

साताकडे परत येणार आहे. त्याआधी संवत्सरांचं सांगायला हवं, कारण तिथे साठ सगळ्यात मोठ्या अंगणात उभा आहे. गुढीपाडव्याला पंचांग उघडलं की वर्षाचं नाव वाचतात. ही नावं साठ; प्रभवापासून सुरू होऊन क्षयापाशी संपतात आणि पुन्हा प्रभव. गुरूला राशिचक्र फिरायला ढोबळ मानानं बारा वर्षं लागतात, शनीला तीस. बारा आणि तीस यांचा लसावि साठ. गुरूच्या पाच फेऱ्या होतात, शनीच्या दोन, आणि आकाशातले हे दोन संथ प्रवासी जवळपास जुन्या जागी येतात. इथेही सरसकट गुणाकार केला असता तर ३६० वर्षं थांबावं लागलं असतं.

संवत्सर काढायची एक सोपी रीत आहे. शालिवाहन शकात बारा मिळवायचे आणि साठांनी भागायचं. जी बाकी राहते तो संवत्सराचा क्रमांक. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ चा. बारा मिळवले, १६०८. साठांनी भागलं तर बाकी अठ्ठेचाळीस. यादीतलं अठ्ठेचाळिसावं नाव आनंद, आणि राज्याभिषेकाच्या तिथीसोबत आपण 'आनंदनाम संवत्सर' असंच वाचत आलो आहोत. मी पहिल्यांदा हा बेरीज-भागाकार करून पाहिला आणि बाकी नेमकी जुळली तेव्हा अंगावर काटा आला होता. शके १९०९, म्हणजे इसवी सन १९८७ चा पाडवा: १९२१ भागिले साठ, बाकी एक, प्रभव. आपल्या जन्माचं संवत्सर प्रत्येकानं असं काढून पाहावं. साठी झाली की ते संवत्सर दारात परत येतं. साठीशांत करायची ती याच वळणावर. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मला म्हणूनच मुळीच पटत नाही. पाढ्यात, घटिकापात्रात, पंचांगात ज्याचं नाव निघालं की फेरा पुरा होतो, त्याला विसराळू कसं म्हणायचं?

आता सात. आत्याच्या भाऊबीजेला एका वर्षी सात घरं आली. मुंबईची एक चुलतबहीण अनेक वर्षांनी, न कळवता. आत्यानं सात डबे मांडले आणि बराच वेळ नुसती उभी राहिली. मग आठ-आठ करंज्या घातल्या. छप्पन्न गेल्या, चार उरल्या. त्या तिनं कुणालाच दिल्या नाहीत. चारही एका वाटीत ठेवल्या आणि देवापुढे नेल्या, आणि प्रसाद म्हणून त्यांचे तुकडे करून सगळ्यांच्या हातावर ठेवले. तो तुकडा कुणी मोजला नाही.

सात साठच्या घरी कधीच पुरा बसत नाही, हे तेव्हा मनात घर करून राहिलं. ते निघालं पुष्कळ वर्षांनी, मुलीच्या तबल्याच्या वर्गात. तिचे गुरुजी मुलांना वाद्याला हात लावू देण्याआधी पढंत करून घेत, हातानं ताल देऊन बोल म्हणायचे. एका शनिवारी त्यांनी मुलांचे दोन गट केले. एकाला एकताल दिला, बारा मात्रांचा. दुसऱ्याला झपताल, दहा मात्रांचा. लय भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याची. दोघांनी एकदमच सम घेतली. एका बाजूनं 'धिं धिं धागे तिरकिट', दुसरीकडून 'धी ना धी धी ना', आणि दुसऱ्या आवर्तनापासूनच नुसता गलका. बारा आणि दहा, कुणाचं पाऊल कुणाच्या पावलावर पडेना. तीस मात्रा झाल्या तेव्हा झपतालाची तीन आवर्तनं पुरी झाली, त्यांची टाळी समेवर वाजली. त्याच क्षणी एकताल सातव्या मात्रेवर, 'कत्'वर, म्हणजे 'खाली'वर, जिथे टाळी वाजत नाही. अर्ध्या वाटेवर भेट हुकली. मुलं हसली, एक-दोघं चुकली, गुरुजींनी हातानंच 'चालू ठेवा' अशी खूण केली. आणि काटा फेरी पुरी करून बाराच्या खुणेवर आला तसे दोन्ही गट एकदम समेवर आले. एकतालाची पाच आवर्तनं, झपतालाची सहा. गलक्यातून ती एक टाळी इतकी स्वच्छ निघाली की मागे बसलेल्या आम्ही पालकांनीही मान डोलावली. साठ तिथे हजर होता, मिनिटाच्या वेशात.

मग गुरुजींनी तिसरा गट केला, रूपकाचा. सात मात्रा. मी मनात हिशेब मांडला. बारा आणि दहा साठला भेटतात. साठ आणि सात यांच्यात सामाईक काहीच नाही, त्यामुळे काटकसरीला वावच नाही, सरळ गुणाकार. चारशेवीस. कायद्याच्या एका कलमामुळे हा आकडा उगाच बदनाम झाला. खरं तर एक ते सात या सगळ्यांना सामावणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे, आणि आठवड्याच्या घटकाही नेमक्या तेवढ्याच. सेकंदाला एक मात्रा धरली तर सात मिनिटं. इतका वेळ दहा-बारा वर्षांची मुलं न चुकता म्हणतील, असं मला वाटत नव्हतं.

त्यांनी म्हटलं. दर मिनिटाला एकताल आणि झपताल समेवर भेटत, आणि रूपक दर वेळी भलत्याच मात्रेवर असे. पहिल्या मिनिटाला पाचवीवर, दुसऱ्याला दुसरीवर, मग सहावीवर, तिसरीवर, सातवीवर, चौथीवर. साताच्या सगळ्या मात्रा साठनं एकेक करून चाचपल्या. सहाव्या मिनिटानंतर मुलांचे आवाज बसले होते, पण डोळे घड्याळावर खिळलेले. रूपकवाल्यांतला एक मुलगा ओठांच्या आत आवर्तनं मोजत होता. अठ्ठावन्न, एकोणसाठ एवढं मला त्याच्या ओठांवरून कळलं. एकताल पस्तिसावं आवर्तन संपवत होता, झपताल बेचाळिसावं, आणि रूपकाचं चाललं होतं साठावं.

रूपकाची सम खालीवर असते. काटा बाराच्या खुणेवर आला, दोन गटांची टाळी एकदम वाजली आणि तिसऱ्या गटानं, त्याच क्षणी, आवाज न करता, तळवे उताणे केले.